कुणाची गं ही?

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी एका दिवाळी अंकासाठी मंगळावरच्या वसाहतीची कथा लिहीत होते. वसाहतीतली हवा कशी तयार होते, पाणी कुठून येते, धुळीचे वादळ आठवडेच्या आठवडे टिकले तर विजेचे काय होते, या सगळ्याचा अभ्यास झाला होता आणि घटनांची वीणही बऱ्यापैकी जमली होती. नायिका मात्र काही केल्या जिवंत होत नव्हती. तिचे नाव मी झेरा ठेवले होते. तिच्या भावाचे नाव क्रायन होते आणि वसाहतीच्या प्रमुखाचे ओरॅक्स. ही नावे मी कुठून आणली, असे कुणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. भविष्यातल्या माणसांची नावे कानाला अनोळखी, तुटक आणि शक्यतो 'झ' किंवा 'क्र'ने सुरू होणारी असावीत, असा एक समज वाचता वाचता मनात रुजलेला असतो, आणि हात आपोआप तीच वाट धरतो.

आमचे मूळ घर भोरचे, आणि आत्याचे सासरही त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे. तिची नजर आता अधू झाली आहे, पण गोष्ट ऐकण्याची हौस तशीच आहे. त्यामुळे लिहिलेले काहीही मी आधी तिला वाचून दाखवते. त्या दिवशी ती मोड आलेले वाल सोलत बसली होती. चिमटीत वाल धरायचा, साल सोडवायची आणि दाणा पातेल्यात टाकायचा, हे काम तिला डोळ्यांवाचून येते. पाच-सहा पाने वाचून झाली आणि तिचा हात थांबला.

"ही झेरा कुणाची गं?"

"कुणाची म्हणजे? मंगळावर जन्मलेली मुलगी आहे ती, आत्या."

"ते कळलं. पण कुणाची? नाव कुणी ठेवलं तिचं? तिला आत्या नव्हती का?"

मी गप्प राहिले. माझ्या बारशाला पाळण्यात वाकून, कुर्रर्र करून, माझ्या कानात माझे नाव पहिल्यांदा सांगणारी हीच बाई होती. नाव ठेवणे म्हणजे काय, हे विचारण्याचा अधिकार तिच्याइतका कुणाला असणार? परतीच्या एसटीत तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि पुढची तीन वर्षे कल्पित माणसांच्या नावांविषयी मी जो काही विचार केला, तो सगळा त्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला.

खेड्यात नव्या माणसाला नाव विचारण्याआधी 'तू कुणाची?' असे विचारतात. त्याचे उत्तर मिळाले की मग नाव, आणि नाव सांगितले तरी त्यातून पुन्हा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर शोधले जाते. आपले मराठी नाव तर या प्रश्नाच्या उत्तरासाठीच घडवल्यासारखे आहे. स्वतःचे नाव, मागे बापाचे किंवा नवऱ्याचे, शेवटी आडनाव, आणि त्या आडनावात बहुधा एखादे गाव, एखादा हुद्दा किंवा एखादा धंदा दडलेला असतो. झेरा या नावाला मागचे काहीच नव्हते. ते हवेत लटकत होते, कारण त्याला कुणी हाक मारलेली नव्हती, कुणी ते रागाने उच्चारलेले नव्हते आणि कुणा मेलेल्या माणसाची आठवण म्हणून कुणी ते जपलेले नव्हते. मला ते नाव नवे हवे होते आणि ते तसे होतेही. तोच त्याचा दोष होता. भविष्यातले नाव आपल्याला नवे वाटले तरी त्या जगातल्या माणसांना ते जुने झालेले असले पाहिजे.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातच एका कल्पित नावाची सुंदर हकीकत आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत विष्णु नारळीकरांनी आपली पहिली कथा टोपणनावाने पाठवली. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे त्यांनी उलटी केली आणि ना. वि. ज. म्हणजे नारायण विनायक जगताप हा लेखक जन्माला घातला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मला या हकिकतीत सर्वांत जास्त काय आवडते, तर ते नाव. आद्याक्षरे उलटी केल्यावर हाती आलेल्या 'ना', 'वि' आणि 'ज' या अक्षरांतून काहीही करता आले असते, पण नारायण विनायक जगताप हा माणूस पोस्टाची पेटी उघडणाऱ्या कुणालाही खराच वाटणार. तो एखाद्या शाळेत शिक्षक असू शकतो, एखाद्या कारखान्यात कारकून असू शकतो. त्याला विनायक नावाचा बाप आहे. नाव वाचताक्षणी माणूस दिसतो, आणि मग तो माणूस कुणी घडवला असेल अशी शंकाच येत नाही.

परभाषेतला या कलेतला सर्वांत मोठा कारागीर म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन. त्यांनी कल्पित भाषा रचल्या, त्यांची व्याकरणे रचली. पण त्यांच्या ठेंगू योद्ध्यांची नावे मात्र जुन्या नॉर्स भाषेतल्या एका काव्यातल्या नामावळीतून उचललेली आहेत, आणि गॅन्डाल्फ हे जादूगाराचे नावही त्याच नामावळीतले आहे. ज्याला नवे घडवता येत होते त्यानेही महत्त्वाच्या जागी वापरून गुळगुळीत झालेली नावे निवडली. याहून अधिक मी त्यांच्याविषयी लिहीत नाही, कारण त्या भाषांचा माझा कान तयार नाही. आपल्या भाषेत अशी गुळगुळीत झालेली नावे कशी दिसतात, ते मला अधिक जवळून माहीत आहे.

मिलिंद हे नाव घ्या. आज ते इतके मराठी आहे की शाळेच्या हजेरीपटावर त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. मुळात तो मिनँडर नावाचा ग्रीक राजा. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात तो वायव्य भारतात राज्य करीत होता, आणि भिक्षू नागसेनाशी झालेल्या त्याच्या संवादाचा पाली ग्रंथ झाला तेव्हा त्याच्या नावाचे पालीत मिलिंद झाले. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, त्यामुळे ते नाव परके राहिलेच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला उभारलेल्या महाविद्यालयाला हे नाव मिळाले, तो परिसर नागसेनवन झाला, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा यांच्याबरोबर मिलिंदही जन्माला येऊ लागले. एका समाजाने एका पिढीत आपली नावे स्वतःच्या इच्छेने बदलली आणि त्या बदलात एका ग्रीक राजाचे नाव मराठी आईच्या तोंडी 'मिल्या' झाले. भविष्याची कथा लिहिणाऱ्याने एखाद्या नावासाठी असा प्रवास कल्पून काढला असता, तर संपादकाने तो अशक्य म्हणून परत केला असता.

शहाजी या नावाचेही तसेच आहे. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि त्यावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. पिराच्या नावाला 'जी' लागला आणि एक अस्सल मराठा नाव तयार झाले. ज्ञानेश्वराचा ग्यानबा, कृष्णाचा किसन, त्र्यंबकाचा तिंबक, ही सगळी तोंडांनी केलेली झीज आहे. देवळाच्या पायरीला मधोमध खोलगट भाग पडतो तशी ही झीज असते, आणि कल्पित नावातही ती दिसली तर वाचक आपोआप समजतो की या पायरीवरून पुष्कळ माणसे गेलेली आहेत.

आडनावांत तर काळ गोठूनच राहतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. हुद्द्यांची नावेही बदलली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनौबताचा सेनापती झाला आणि सुरनिसाचा सचिव झाला. आमच्या भोरला हा बदल प्रत्यक्ष राहायलाच आला, कारण भोरचे संस्थानिक ते पंतसचिव. शंकराजी नारायणांकडे आलेले सचिवपद घराण्याचे नाव होऊन बसले आणि संस्थान विलीन होईपर्यंत टिकले. राज्याने शब्द बदलले, पण लोकांच्या आडनावांपर्यंत तो हुकूम पोहोचला नाही. फडणीस, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार, पोतदार हे सगळे आजही आपल्यात आहेत. फडावर बसून हिशेब लिहिणारे कुणी राहिलेले नाही, फारसी येणारे तर त्यांच्यात शोधूनही सापडणार नाहीत. म्हणून मला वाटते, की दोनशे वर्षांनंतरच्या कथेत आजच्या, पण तोवर मोडीत निघालेल्या एखाद्या हुद्द्याचे आडनाव अवश्य असावे, आणि त्याचा अर्थ त्या कथेतल्या कुणालाही ठाऊक नसावा. लेखकाने तो समजावूनही सांगू नये.

आणि वसाहत म्हटली, की मला कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची नावे आठवतात. समुद्र ओलांडून आलेल्या आणि रायगडच्या किनाऱ्यावर रुजलेल्या या ज्यू माणसांनी आडनावे घेतली ती आपल्या गावांची: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. बायबलमधली नावेही मराठी तोंडात बसली. अब्राहमचा आबाजी झाला. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत समाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. हे नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. त्यात जेरुसलेम आहे, दिवेआगर आहे आणि दोघांना जोडणारा तो आदराचा 'जी' आहे. पुढे १९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, आणि आज वाळवंटातल्या दिमोना किंवा बीरशेबासारख्या गावात एखाद्या दारावर पेणकर अशी पाटी असू शकते. त्या घरातल्या नातवाने पेण पाहिलेले नसेल, गणपतीच्या मूर्तींचे ते गाव त्याला नकाशातही सापडणार नाही, पण ते त्याच्या नावात मुक्कामाला आहे. दूरच्या ग्रहावरच्या चौथ्या पिढीची नावे कशी असतील, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

या विचारात असतानाच मंगळाचा नकाशा चाळताना मला एक गोष्ट सापडली, आणि मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या गावांची नावे देण्याची पद्धत आहे. त्या यादीत पूना आहे. लोणार आहे, आणि आपले लोणार स्वतःच उल्कापाताने झालेले विवर असल्यामुळे ते तिथे असणे शोभूनही दिसते. आणि त्याच यादीत भोर आहे. आमचे भोर, नीरेकाठचे, मंगळावरचे एक लहानसे विवर होऊन बसले आहे. त्या विवराजवळ उद्या माणसांनी वस्ती केली, तर तिथल्या माणसाला मराठी वळणाने काय म्हणतील? भोरकर. त्याला हे नाव विवरावरून पडलेले असेल, आणि त्या विवराला ते एका गावावरून मिळाले होते, गावापाशी नदी होती, नदीला पावसाळ्यात लाल पाणी येत असे, हे त्याला कुणी सांगितलेले नसेल. माझ्या नायिकेला आडनाव मिळाले ते असे. मी ते घडवले नाही. ते तिथे आधीपासून होते.

आता उरले तिचे स्वतःचे नाव. इथे मी आत्याच्या प्रश्नाकडे परत गेले, की नाव ठेवले कुणी, आणि कशावरून. आपल्याकडे पुष्कळ घरांत जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढतात, ज्याला नावरस म्हणतात. नक्षत्रे सत्तावीस, प्रत्येकाचे चरण चार, म्हणजे एकशे आठ अक्षरे. अश्विनीची चू, चे, चो, ला. पृथ्वीचा चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो, त्यामुळे जन्मवेळ थोडी मागेपुढे लिहिली गेली तरी अक्षर बहुधा तेच राहते. मंगळाला चंद्र दोन. त्यांतला फोबोस अवघ्या सात तास एकोणचाळीस मिनिटांत ग्रहाची प्रदक्षिणा पुरी करतो, आणि मंगळाच्या स्वतःच्या फिरण्याहून त्याचा वेग जास्त असल्यामुळे तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. त्याच्यावरून नावरस काढायचा ठरवला, तर ढोबळ हिशेबाने दर सव्वाचार मिनिटांनी चरण बदलेल. जुळ्या मुलांची अक्षरे नक्की वेगळी येतील. सुईणीला घड्याळाकडे बघत बसावे लागेल. मग वसाहतीतले लोक काय करतील? काही घरे फोबोसचे पंचांग मान्य करतील, काही हट्टाने पृथ्वीच्या चंद्राचेच पंचांग मागवत राहतील, आणि वराचे नाव कुठल्या चंद्रावरचे आहे यावरून लग्ने अडतील. हे मी रात्री वहीत लिहीत असताना माझी वसाहत पहिल्यांदा मला माणसांची वाटली. ऑक्सिजनच्या टाक्यांचे हिशेब मांडताना असे एकदाही झाले नव्हते.

पण नावाला केवळ पंचांग पुरत नाही. त्यात भीतीही असते. आपल्या जुन्या नावांत दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिरडा, कचराबाई अशी नावे आहेत. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाला टाकाऊ वस्तूचे नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर जाणार नाही. माझ्या लहानपणी अशी नावे ऐकून मुले हसायची. नंतर कुणीतरी मला त्या नावामागची गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून केरू हे नाव ऐकले की मला त्याच्याआधी गेलेली, नाव नसलेली भावंडे दिसतात. याच्याहून कठोर नाव नकुशी. मुलगी नको होती, हे तिच्या नावातच लिहून ठेवायचे आणि तिने ते आयुष्यभर वागवायचे. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. कल्पित जगाला नावे देणारे लेखक तेज, विजय, प्रकाश, पराक्रम अशा अर्थाची नावे भरभरून देतात, पण ज्या समाजाला कशाची तरी भीती वाटते तो ती नावात लपवतो, हे विसरतात. जिथे एकही केरू नाही, त्या जगात मुले मरत नसावीत. आणि मंगळावरच्या पहिल्या वसाहतीत मुले मरणार नाहीत, असे मला प्रामाणिकपणे लिहिता येईना.

मग तिथे टाकाऊ वस्तू कोणती? केर आणि उकिरडा ही तर तिथे संपत्ती असेल, कारण झाडांसाठी तेच खत. दगड कामाचे. कुणालाही नको असलेली, सगळीकडे शिरणारी, फुप्फुसात बसणारी एकच गोष्ट तिथे असेल, ती म्हणजे लाल धूळ. लोखंडाच्या गंजाने तांबडी झालेली ती माती. आपल्याकडे अशा मातीला शब्द आहे: गेरू. कुंडीला लावायचा, तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू. आणि केरूच्या जागी गेरू हे नाव आपोआप येऊन बसले. पहिल्या पिढीतल्या एका बाईची दोन मुले दगावली, तिसरी मुलगी झाली, आणि मृत्यूने तिच्याकडे पाहू नये म्हणून आईने तिला धुळीचे नाव दिले. गेरू जगली, म्हातारी झाली, वसाहतीत सगळे तिला गेरूबाई म्हणू लागले. तिच्या पणतीच्या वेळी मात्र दिवस बरे होते. तिच्या आईला पणजीचे नाव तर चालवायचे होते, पण जसेच्या तसे ठेवायला संकोच वाटला. म्हणून तिने त्याला संस्कृत वळण दिले आणि मुलीचे नाव ठेवले गैरिका. आजही घराघरांत हेच चाललेले आहे. पणजीचे रांगडे नाव नातसुना धुऊन, पुसून, सजवून पुन्हा पाळण्यात ठेवतात.

नावाच्या मधल्या भागासाठी मला कल्पना करावीच लागली नाही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. अनेकांना ते फार नवे वाटले. नाशिकच्या लेण्यांत मात्र आपल्या मुलाची थोरवी कोरून घेणारी गौतमी बलश्री आहे, आणि तिचा मुलगा आपल्याला ठाऊक आहे तो गौतमीपुत्र सातकर्णी म्हणूनच. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईचे नाव पुढे लावणाऱ्या राजांच्या याच भूमीत ते नाव जवळजवळ दोन हजार वर्षांनी कागदावर परत आले. तेव्हा माझ्या नायिकेचे पूर्ण नाव झाले गैरिका निळाई मिलिंद भोरकर. निळाई अशासाठी, की मंगळावरचा सूर्यास्त निळसर असतो, आणि तिथे जन्मलेल्या मुलीला संध्या हे नाव देताना तिच्या माणसांना निळा रंगच आठवणार. कथेतल्या वृद्धांना मी अनन्या आजी आणि रेयांश आजोबा केले. प्रमिला आणि कुमुदिनी या एके काळी झोपाळ्यावर बसून गाणी म्हणणाऱ्या तरुण मुली होत्या. आजच्या बालवाडीतली नावेही एक दिवस काठी टेकत चालणार आहेत.

कथेत मंगळावर ज्यांच्यापर्यंत मराठी पोहोचलेली नाही अशा माणसांचा एक दुसराही समूह होता, आणि त्यांची नावे तर पूर्णपणे घडवावीच लागली. तिथे मी ध्वनींचा आधार घेतला. मराठी शब्दाच्या आरंभी ळ कधी येत नाही. म्हणून ळुमा किंवा ळेरन असे नाव लिहिले, की काहीही न सांगता वाचकाला कळते की ही माणसे दुसऱ्या मुलखातली आहेत. त्याची जीभच त्याला ते सांगते. ण मात्र मी तिथे वापरला नाही. तो आरंभी ऐकायचा तर जैन घरातला णमोकार ऐकावा, किंवा हाल राजाची प्राकृत गाथा उघडावी. आरंभीचा ण आपल्याला परका वाटत नाही, तो पणजीच्या पणजीचा वाटतो. त्यामुळे एखाद्या प्राचीन नगराच्या अद्भुतकथेत तो शोभेल. आणखी एक अडचण देवनागरीतच आहे. चमच्याचा च आणि चंद्राचा च आपण एकाच अक्षराने लिहितो. ओळखीच्या शब्दात जीभ बरोबर वळते, पण चारन असे नवे नाव समोर आले की वाचक क्षणभर अडखळतो, आणि मनात दोनदा उच्चारून पाहतो. नावापाशी वाचक अडखळला, की माणूस निसटतो. अशी नावे मी आता ठेवत नाही.

या सगळ्यानंतर मी नाव हाक मारून पाहते, खरोखर, मोठ्याने, गच्चीवर जाऊन. मराठीत नाव एकटे राहतच नाही. त्याला 'ला' लागतो, 'ने' लागतो, 'चा' लागतो. आई त्याला 'ऊ' किंवा 'ई' लावते, मित्र 'या' लावतात, म्हातारपणी त्याला 'बा', 'राव' किंवा 'बाई' चिकटते. आत्याच्या पिढीतली माणसे शांतेला म्हणतात आणि आम्ही शांताला म्हणतो, इतक्या फरकानेही बोलणाऱ्याचे वय कळते. ओरॅक्सला हे काहीच लावता येत नव्हते. त्याचे लाडाचे रूप होत नव्हते आणि रागाचेही होत नव्हते. आत्याला स्वतःला दोन नावे आहेत. लग्नात तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि सासरी ती त्याच नावाची झाली; माहेरच्या नावाने तिला हाक मारणारी माणसे एकेक करून गेली, आणि आता त्या नावाने तिला बोलावणारे कुणीही उरलेले नाही. एकदा ती मला म्हणाली होती, की ते नाव तिला अजून स्वप्नात ऐकू येते.

कथा नव्याने लिहून झाली तेव्हा पुन्हा भोरला गेले. या वेळी आत्या निवडायला काही घेऊन बसली नव्हती. हात मांडीवर ठेवून ऐकत होती. गैरिका वादळात अडकते तो भाग मी वाचला, आणि तिथे बारीक अक्षर लागेना म्हणून चष्मा पुसायला थांबले. गैरिकाला घरात काय म्हणतात, ते अजून कथेत यायचे होते. पुढच्याच पानावर मी तिच्या आईच्या तोंडी 'रिका' असे लाडाचे नाव घातले होते, आजच्या मुलींना शोभेल असे.

"थांबलीस का?" आत्या म्हणाली. "गेरू पोचली का घरी, ते सांग आधी."

मी पुढचे पान उलटले, आणि वाचता वाचता पेन्सिलीने रिका खोडत गेले.